सगळे पुढे निघून जातात, मी एकटीच मागे: घाटातली हाफ मॅरेथॉन जमेल का?

पत्र: मी ४२ वर्षांची, साताऱ्यात राहते, बँकेत नोकरी करते. गेल्या दिवाळीनंतर इथल्या एका रनिंग ग्रुपला जॉइन झाले. आधी शाहू स्टेडियमवर नुसती चालायचे, आता १० किलोमीटर १ तास २५ मिनिटांत होतात. सगळ्यांच्या उत्साहात मी पण सप्टेंबरच्या हिल हाफ मॅरेथॉनचं रजिस्ट्रेशन केलं, आता ११ आठवडे राहिलेत. रविवारच्या लाँग रनला सगळे ७ च्या पेसने (म्हणजे किलोमीटरला ७ मिनिटं) जातात, मी पहिले दोन-तीन किलोमीटर कशीबशी त्यांच्याबरोबर पळते, मग धाप लागते आणि मागे पडते, घाटात तर चालतेच. मी पोचते तोवर चहा-मिसळ होऊन ग्रुप फोटोही काढून झालेला असतो. कोणी वाईट बोलत नाही, पण माझ्यासाठी कोणाला तरी थांबावं लागतं याची लाज वाटते. त्यात महिनाभर उजव्या गुडघ्याच्या वाटीभोवती दुखतंय, जिना उतरताना जास्त. सासूबाई म्हणतात या वयात गुडघे झिजवून काय मिळणार आहे. ग्रुप सोडून एकटीने प्रॅक्टिस करू, की रेसच सोडून देऊ? – मागे राहिलेली, सातारा

ताई, आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. रेस सोडू नका आणि ग्रुपही सोडू नका. सोडायचाय तो ग्रुपचा पेस, आणि तो या रविवारपासूनच सोडायचाय. दिवाळीला नुसतं चालणारी बाई जूनपर्यंत १० किलोमीटर करायला लागते, ही केवढी मोठी गोष्ट आहे, आणि तुम्ही ती एका ओळीत उरकलीत आणि मागे पडण्यावर मात्र अर्धं पत्र लिहिलंत, हे वाचताना मला खरंच लागलं.

आता जरा हिशोब बघू. १० किलोमीटरला १ तास २५ म्हणजे एका किलोमीटरला साडेआठ मिनिटं, आणि ही तुमची जोर लावून काढलेली वेळ असणार. लाँग रनला तुम्ही सुरुवात करता ७ ने, म्हणजे ज्या दिवशी १० च्या पुढे जायचंय त्या दिवशी तुम्ही तुमच्या १० किलोमीटरच्या पेसपेक्षाही किलोमीटरमागे दीड मिनिट जोरात सुटता. अशी सुरुवात केली तर कोणालाही धाप लागेल हो, तुमच्या ग्रुपमधल्या सगळ्यात तगड्या माणसाला त्याच्या १० किलोमीटरच्या पेसपेक्षा दीड मिनिट फास्ट पळवा, तोही तिसऱ्या किलोमीटरला कमरेवर हात ठेवून उभा राहील. त्यांच्यासाठी ७ हा गप्पा मारत जायचा पेस आहे, तुमच्यासाठी ती शर्यत आहे. तुमचा गप्पा मारायचा पेस सव्वानऊ ते दहाच्या मधे कुठेतरी असेल. घड्याळ नसलं तरी ओळखता येतो, शेजारून पळणाऱ्या मैत्रिणीला कालचा अख्खा प्रसंग पूर्ण वाक्यांत सांगता आला पाहिजे, मधे शब्द तुटायला लागले की समजायचं आपण जास्त जोरात चाललोय.

स्लो पळून फास्ट कसं होणार, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. हाफ मॅरेथॉन २१.१ किलोमीटरची असते, तुम्हाला ती तीन तासांच्या आसपास लागणार आहे, आणि इतका वेळ चालणारं काम शरीर जवळजवळ पूर्णपणे ऑक्सिजनच्या जोरावर करतं. स्नायूंत बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं वाढणं, पेशींमधे एनर्जी तयार करणारे मायटोकॉन्ड्रिया वाढणं, साखर जपून चरबी वापरायची सवय लागणं, हे सगळं आरामात पळलेल्या तासांमधून होतं आणि त्याला महिने लागतात. दुसरं म्हणजे दम लवकर वाढतो पण टेंडन, लिगामेंट आणि हाडं फार सावकाश तयार होतात. दुधाला विरजण लावलं की दही व्हायला रात्र जावी लागते, मधे मधे ढवळून ते लवकर लागत नाही, तसंच आहे हे. आठ महिन्यांत तुमचं हृदय आणि फुप्फुसं पुढे गेलीत आणि गुडघे-घोटे अजून वाटेत आहेत, त्यात दर रविवारी ७ चा पेस, म्हणून मला तुमच्या गुडघ्याच्या दुखण्याचं फार नवल वाटलं नाही.

मग ग्रुपमधे राहून हे जमवायचं कसं. यावर एक अगदी सोपा उपाय आहे आणि तो तुमच्या कोचना सांगा, बरेच ग्रुप असं करतात. लाँग रन किलोमीटरवर न ठरवता मिनिटांवर ठरवायचा. सगळ्यांनी साडेपाचला एकत्र निघायचं, आपापल्या पेसने ४५ मिनिटं एका दिशेने जायचं आणि घड्याळात ४५ झाली की जिथे असू तिथून मागे वळायचं. ७ वाला साधारण ६.४ किलोमीटरवर वळेल, तुम्ही साडेनऊने गेलात तर ४.७ च्या आसपास वळाल, आणि जाताना-येताना पेस सारखा राहिला तर सगळे बरोबर सातलाच एका ठिकाणी परत येतील. येताना फास्ट लोक मागून येऊन तुम्हाला गाठतात, शेवटचा थोडा रस्ता बरोबर होतो, चहा बरोबर होतो, फोटोत तुम्ही असता, आणि कोणाला कोणासाठी थांबावं लागत नाही. अंतर प्रत्येकाचं वेगळं, मेहनत सगळ्यांची दीड तासाची. लाँग रन वाढत जाईल तशी मिनिटं वाढवायची. घाटात हे इतकं तंतोतंत जुळणार नाही कारण जाताना चढ आणि येताना उतार, तिथे परत यायला सगळ्यांनाच कमी वेळ लागतो, तरी अर्धा-पाऊण तास वाट बघण्याची वेळ कोणावर येत नाही.

हे सांगायला संकोच वाटत असेल तर व्हॉट्सॲपवर इतकंच टाका: 'सर, माझा इझी पेस ९:३० आहे. या रविवारी आपण वेळेवर टर्न घ्यायचा का? आणि साधारण ९ ते १० च्या पेसचे कोण कोण आहे, आपण एकत्र निघू.' मला जवळजवळ खात्री आहे की दोन-चार जणं हात वर करतील. प्रत्येक ग्रुपमधे अशी माणसं असतातच जी ७ ला ओढत जातात आणि गप्प बसतात, त्यात नवीन आलेल्या बायका जास्त, कारण आपल्याला वाटतं आपणच कमी पडतोय. एकीने आकडा लिहिला की बाकीच्यांचा जीव भांड्यात पडतो. ज्या कोचना चांगलं काम करायचंय त्यांना हे कळलेलं बरंच वाटतं. आणि समजा इतकं सांगूनही कोणी दर रविवारी फास्ट लोकांचेच स्क्रीनशॉट टाकून बाकीच्यांना लाजवत असेल तर मग मात्र दुसरा ग्रुप बघा, त्यात अजिबात कमीपणा मानू नका.

एकटीने प्रॅक्टिस करू का असं तुम्ही विचारलंय. मंगळवार-गुरुवारचे छोटे रन स्टेडियमवर किंवा गल्लीत एकटीने खुशाल करा, पण लाँग रन एकटीने नको, आणि तोही पावसाळ्यात यवतेश्वर घाटात तर नकोच. तुम्हाला माहितीच आहे, शहरात भुरभुर असते तेव्हा वर धो धो असतो, धुकं असं की समोरची गाडी हेडलाइट दिसला की कळते. २०१२ ला पश्चिम घाटातल्या ठिकाणांबरोबर या घाटापुढचं कास पठार जागतिक वारसा यादीत गेलं, आणि फुलांच्या सीझनमधे शनिवार-रविवारी त्या रस्त्याला सकाळपासून गाड्यांची रांग असते, नवख्या ड्रायव्हरला वळणावर पळणारी माणसं अपेक्षितच नसतात. चार जणांनी रिफ्लेक्टर लावलेली जॅकेटं घालून, रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असं, एकामागे एक जाणं हे एकटीपेक्षा कितीतरी सेफ. मात्र उजवीकडच्या आंधळ्या वळणावर समोरच्याला आपण दिसत नाही, तिथे आधीच थांबून, बघून बाजू बदलायची. डोंगरकडेला शेवाळ असतं तिथे पाय ठेवू नका. कुत्री मागे लागली तर पळणं थांबवून सावकाश चालायचं, चौघी असल्या की तीही फार नादाला लागत नाहीत.

आता घाटाबद्दल, कारण तुमची खरी परीक्षा तीच आहे. ही रेस २०१२ पासून होतेय आणि तिचं नाव झालं ते या चढामुळेच. शहरातून निघायचं, समर्थ मंदिराकडून यवतेश्वरचा घाट चढायचा, वर कासच्या रस्त्याने पुढे जायचं आणि त्याच वाटेने परत. तुम्ही 'घाटात तर चालतेच' असं लिहिलंय आणि ते कबुलीजबाब दिल्यासारखं लिहिलंय. घाटात चालणं ही चूक नाहीये ताई, तुमच्या पेसला ती हुशारी आहे. कडक चढावर तुम्ही पळत गेलात तर दहा-साडेदहाचा पेस मिळेल, लांब ढांगा टाकत जोरात चाललात तर अकराचा, आणि त्या अर्ध्या-एक मिनिटासाठी हृदयाचे ठोके कुठच्या कुठे जातात. जेफ गॅलोवे म्हणून अमेरिकन धावपटू, १९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमधे १०,००० मीटर पळलेला, त्याने पळणं-चालणं मिसळायची पद्धत जगभर लोकप्रिय केली, आणि त्यातली महत्त्वाची गोष्ट ही की चालणं दमल्यावर सुरू करायचं नाही, ठरवून पहिल्यापासून करायचं. सपाट रस्त्यावर ४ मिनिटं पळा आणि १ मिनिट चाला, घाटात २ मिनिटं पळा १ मिनिट चाला किंवा तीव्र वळणं अख्खी चालत. पहिल्याच किलोमीटरला, सगळे पुढे जात असताना, पायात ताकद असताना थांबून चालायचं, हे मनाला अवघड जातं, पण त्याचा फायदा वर गेल्यावर कळतो.

आणि सगळ्यांचं लक्ष चढाकडे असतं, पण पाय मोडतो तो उतार. उतरताना मांडीच्या पुढचे स्नायू ताणले जात असतानाच आकसून ब्रेक लावतात, त्याने स्नायूंच्या धाग्यांना जास्त इजा होते, म्हणून घाट उतरून आल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणं नको होतं. चांगली बाजू अशी की शरीर हे पटकन शिकतं, एकदा उताराची सवय करून दिली की पुढचे काही आठवडे तेवढ्याच उताराने कमी त्रास होतो. त्यामुळे रेसच्या दिवशी पहिल्यांदा जोरात उतरायचं असं करू नका. पावलं छोटी आणि भराभर, पाय आपल्या अंगाखाली पडला पाहिजे, टाच पुढे रोवून मागे रेलायचं नाही, नजर चार-पाच पावलं पुढे.

पण तुमच्यासाठी हे सगळं लगेच नाही, कारण गुडघा. वाटीभोवती दुखणं आणि जिना उतरताना वाढणं, याला धावणारे 'रनर्स नी' (धावणाऱ्यांचा गुडघा) म्हणतात, नवीन धावणाऱ्यांमधे ही तक्रार फार दिसते आणि बहुतेक वेळा लोड कमी करून आणि मांडी-कंबरेचे स्नायू घट्ट करून ती बरी होते. तरी महिनाभर दुखतंय म्हणजे एकदा फिजिओथेरपिस्टला दाखवाच. सूज असेल, गुडघा अडकत असेल, मधेच सुटल्यासारखा वाटत असेल किंवा रात्री झोपेत दुखत असेल तर पळणं पूर्ण बंद करून सरळ ऑर्थोपेडिककडे. यातलं काही नसेल तर पूर्ण आराम घ्यायची गरज सहसा पडत नाही. दहापैकी तीनपर्यंत दुखणं चालेल, पळताना वाढत गेलं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त असलं तर पुढचा रन छोटा करा. पुढचे चार आठवडे घाट पळत उतरू नका, चालत उतरा. पावलं जरा छोटी करा, मिनिटाला पावलांची संख्या पाच-दहा टक्क्यांनी वाढवली की गुडघ्यावरचा भार कमी होतो, हा फरक बऱ्याच जणांना लगेच जाणवतो.

व्यायाम आठवड्यातून दोनदा, वीस मिनिटं, घरी, साडीत नाही तर पंजाबी ड्रेसमधेही होतात. भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखं अर्ध्यापर्यंत बसणं, पाठीवर झोपून पाय दुमडून कंबर वर उचलणं, कुशीवर झोपून वरचा पाय सरळ उचलणं, पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली करणं, आणि एका पायरीवरून एका पायाने सावकाश खाली टेकून परत वर, ही शेवटची आरशासमोर करा म्हणजे गुडघा आत वळतोय का ते दिसेल. कंटाळवाणं वाटेल, पण मला निवड करायला लावली तर मी म्हणेन एखादा मंगळवारचा रन चुकला तरी चालेल, हे चुकवू नका. पट्टा बांधून किंवा पेनकिलर घेऊन लाँग रन करायला मात्र माझा ठाम विरोध आहे. पळताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्यांचा किडनीवर ताण येतो, आणि दुखणं दबलं की आपण किती बिघडवतोय तेच कळत नाही.

११ आठवड्यांचं गणित अगदी आरामात बसतं. रविवारचा लाँग रन या आठवड्यात १० किलोमीटर, मग ११, मग १२, चौथ्या रविवारी उतरून ९, मग १३, १५, पुन्हा खाली १०, मग १६, १८, त्यानंतर १२, आणि अकराव्या रविवारी रेस. मधे मधे कमी केलेले रविवार हे ट्रेनिंगचाच भाग आहेत, बरं वाटतंय म्हणून तेव्हा वाढवू नका, शरीर त्या आठवड्यात डागडुजी करतं. २१ आधी पळून बघायची गरज नाही, १८ झाले की रेसचा उत्साह बाकीचे ३ करून देतो. पहिले चार रविवार शहरातल्या त्यातल्या त्यात सपाट रस्त्यावर, पाचव्यापासून एक आड एक घाटात. मंगळवारी ५ किलोमीटर आरामात, गुरुवारी ५-६, गुडघा शांत झाल्यावर गुरुवारी थोडा चढ घ्या, अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याने भराभर चालत वर जाणं हाही उत्तम व्यायाम आहे. सोमवारी आणि शुक्रवारी व्यायाम, शनिवारी पायांना सुट्टी. आजारपण, पाहुणे, गणपती यात एखादा आठवडा गेला तर तो भरून काढायला जाऊ नका, जिथे सोडलं त्याच्या थोडं मागून सुरू करा.

पावसाचं एक वेगळंच प्रकरण असतं. ओले कपडे तासभर घासले की काखेत, मांड्यांच्या आत आणि ब्राच्या पट्टीखाली कातडी सोलते, आणि अंघोळीला पाणी लागल्यावर जो जाळ होतो तो ज्याला झालाय त्यालाच माहीत, म्हणून निघायच्या आधी तिथे भरपूर व्हॅसलीन. टी-शर्ट आणि मोजे कॉटनचे नकोत, ते पाणी धरतात. चांगली घट्ट स्पोर्ट्स ब्रा घ्या, बुटांइतकीच ती महत्त्वाची आहे आणि दुकानात त्याबद्दल कोणी बोलत नाही. बूट ओले झाले की आतलं सोल काढून वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे, दोन तासांनी बदलायचे, चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवले तर गोंद सुटतो. बुटांचा एक जोड साधारण ५०० ते ८०० किलोमीटर टिकतो, तुमचे दिवाळीपासूनचे असतील तर आत्ताच नवीन घ्या म्हणजे रेसपर्यंत पायात बसतील, रेसच्या आठवड्यात अजिबात नाही.

खाण्याचं फार अवघड करू नका. लाँग रनच्या आधी पाऊण-एक तास एक केळं किंवा राजगिऱ्याचा लाडू आणि चहा, पोटाला चालत असेल तर. दीड तासाच्या पुढचा रन असेल तर वाटेत काहीतरी गोड लागतंच, तासाला ३० ते ६० ग्रॅम कार्बोहायड्रेट म्हणतात, तुम्ही ३० पासून सुरू करा, म्हणजे एक मोठं केळं किंवा पाच-सहा छोटे खजूर किंवा एक एनर्जी जेल. जे रेसला खाणार ते आधी लाँग रनला खाऊन बघा. पाणी तहान लागेल तसं प्या. थंड पावसाळी हवेत घाम कमी येतो, आणि प्रत्येक स्टॉलवर ग्लासभर ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरून गरगरतं, उलट्या होतात, प्रकरण हॉस्पिटलपर्यंत जाऊ शकतं, आणि हे सावकाश धावणाऱ्यांना जास्त होतं कारण ते रस्त्यावर जास्त वेळ असतात. परत आल्यावर मिसळ जरूर खा, पण त्याबरोबर दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर दही, उसळ असं काही प्रोटीनही जाऊ द्या.

आता सासूबाई. त्यांची काळजी खोटी नाही, त्यांच्या पिढीतल्या बायकांचे गुडघे त्यांनी पाहिलेत. पण हौशी धावणाऱ्यांचे गुडघे न धावणाऱ्यांपेक्षा जास्त झिजतात असं अभ्यासांत दिसलेलं नाही, उलट काही अभ्यासांत हौशी धावणाऱ्यांमधे संधिवात कमी आढळलाय. आणि तुमच्या वयाला तर याची जास्त गरज आहे. पाळी जायच्या आसपास हाडांची घनता झपाट्याने उतरते, पायांवर भार देणारा व्यायाम आणि स्नायूंची ताकद हे तेव्हा उपयोगी पडतं. त्यांच्याशी वाद नका घालू, फिजिओने काय सांगितलं ते घरी येऊन त्यांना सांगा, संध्याकाळी स्टेडियमवर चालायला बरोबर न्या. साताऱ्यातल्या माणसाला धावणाऱ्या बाईचं कौतुक शिकवायला लागत नाही, माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ ला रिओमधे ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) फायनलला पोचली, १९८४ च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची ऑलिम्पिक फायनल गाठणारी ती पहिली भारतीय बाई, तेव्हा जिल्हाभर केवढा आनंद झाला होता, सासूबाईंनाही आठवत असेल.

नाश्त्याचं तुम्ही लिहिलं नाहीत पण रविवारी सकाळी घरातली बाई नऊपर्यंत बाहेर म्हटल्यावर तो प्रश्न असतोच. मिस्टरांशी स्पष्ट बोलून ११ रविवारांचं ठरवून टाका, त्या दिवशीचे पोहे त्यांचे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी तुम्हाला बँकेला सुट्टी असते, त्या सकाळी घराला द्या. पहाटे चारला उठून सगळ्यांचं करून मग पळायला जायचं, असं करणाऱ्या बायका मी बघितल्यात, त्यांची झोप पाच तासांवर येते आणि दोन महिन्यांत एक तर दुखापत होते नाहीतर उत्साह संपतो. झोप सात तास हवीच, ती ट्रेनिंगमधे धरा.

कटऑफची, म्हणजे रेस पूर्ण करायच्या ठरलेल्या शेवटच्या वेळेची, भीती मनात असेल तर हा हिशोब जवळ ठेवा. जाताना चढ धरून सरासरी १० चा पेस पडला तर साडेदहा किलोमीटरला १ तास ४५ मिनिटं, येताना सव्वाआठने उतरलात तर साधारण १ तास २७, मिळून ३ तास १२ मिनिटं. तुमच्या आजच्या तब्येतीवर, गुडघा बरा होऊन, हे अगदी जमण्यासारखं आहे. यंदाचा कटऑफ रेसच्या माहितीपत्रकात बघून त्याच्याशी ताडून बघा, घाटातल्या मधल्या पॉइंटला वेगळी वेळ दिलीय का तेही वाचा. त्या दिवशी मुद्दाम मागून सुरुवात करा. हजारो लोक ढोल-ताशात एकदम सुटतात, तो लोंढा आपल्याला ओढत नेतो, आणि रविवारी जे तुमचं होतं तेच तिथे होईल. घाटाच्या पायथ्याला पोचाल तेव्हा गप्पा मारता आल्या पाहिजेत, वर वळेपर्यंत राखून, आणि जोर लावायचाच असेल तर घाट उतरून शहरात शिरल्यावर लावा.

एक काम मात्र या आठवड्यातच करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमधे ॲनिमिया आढळला, आणि लोह कमी असलेल्या बाईला कितीही ट्रेनिंग केलं तरी दम पुरत नाही, ती बिचारी स्वतःला आळशी समजत राहते. हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) दोन्ही तपासून घ्या, पाळीत रक्तस्राव जास्त होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, गोळ्या स्वतःच्या मनाने सुरू करू नका. चाळिशी ओलांडलीय म्हणून त्याच भेटीत बीपी, शुगर आणि ईसीजीही होऊन जाऊ दे, घरात कोणाला कमी वयात हार्टचा त्रास झाला असेल तर आवर्जून सांगा. पळताना छातीत दडपण आलं, चक्कर आली तर तिथेच थांबायचं, तो रन तिथेच संपला. रिपोर्ट आणि फिजिओचं काय म्हणणं आहे ते मला परत लिहून कळवा, गुडघ्याला चार आठवड्यांत उतार पडला नाही तर लाँग रनचं हे वेळापत्रक आपल्याला बदलावं लागेल.